शक्ती वाढली, आयुष्याचे काय?

मोटार विकत घेणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घर घेण्याच्या खालोखाल मोठी घटना असते. शिक्षक असो, कचेरीतील कारकून असो, की नुकताच नोकरीस लागलेला पदवीधर असो, गाडीसाठी तो बँकेचे कर्ज काढतो आणि पुढील पाच ते सात वर्षे दरमहा हप्ता भरीत राहतो. व्याजाचे गणित तो पैपर्यंत मांडतो. लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते, हेही चार ठिकाणी विचारून घेतो. परंतु तिचे इंजिन किती वर्षे टिकेल, असे विचारले की विक्रेता हमीपत्राकडे बोट दाखवितो. ही हमी पुष्कळदा तीन वर्षांच्या आसपास संपते. जादा पैसे भरल्यास ती आणखी थोडी लांबते. कर्ज मात्र सात वर्षांचे असू शकते. म्हणजे हमी संपल्यावरही हप्ते चालूच राहतात, आणि त्या काळात इंजिनाने दगा दिला तर त्याचा भार सर्वस्वी मालकाच्या माथी येतो.

हा प्रश्न अलीकडे अधिक तीव्र झाला, याचे कारण खुद्द इंजिनात झालेला बदल हे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देत असे. आज पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारे फोक्सवॅगनचे ९९९ सीसीचे, तीनच सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन ११५ अश्वशक्ती देते. ही सगळी वाढ एकाच युक्तीने झालेली नाही. तथापि त्याच कंपनीचे, त्याच आकाराचे, पण टर्बो नसलेले इंजिन सुमारे ७५ अश्वशक्तीवर थांबत असे, हे लक्षात घेतले म्हणजे टर्बोचा वाटा किती मोठा आहे ते कळते. लहान इंजिनाकडून मोठे काम करवून घेण्याची ही पद्धत आता सर्रास रूढ झाली आहे. तेव्हा असे इंजिन पंधरा वर्षे साथ देईल काय, ही शंका अज्ञानातून आलेली नाही. ती रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

धुराड्यातून जाणारी शक्ती

इंधन जाळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर निघून जाते. ती कामी लावावी ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याला सुचली आणि १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पाण्याच्या धारेने पाणचक्की फिरावी, तसे बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवावयाचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवून त्याच्याकडून बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावयाची, अशी ही योजना होती. इंजिनाची शक्ती ते किती इंधन जाळू शकते यावर ठरते, आणि किती इंधन जळेल हे हवा किती मिळते यावर ठरते. जास्त हवा कोंबली की लहान सिलिंडरातही मोठ्या सिलिंडराइतके इंधन जळते. टर्बोचे मर्म एवढेच आहे.

ही कल्पना प्रथम मोटारीत आली नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. विरळ हवेत गमावलेली शक्ती इंजिनाला परत मिळते, हे तेथे सिद्ध झाले. १९२० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसेन’ व ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन जहाजांवर ब्यूखीच्या देखरेखीखाली टर्बो बसविण्यात आला. त्यांच्या डिझेल इंजिनांची शक्ती १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. तेव्हापासून मोठ्या जहाजांची, आगगाड्यांची आणि पुढे मालमोटारींची डिझेल इंजिने टर्बोवर चालत आली आहेत.

या सर्व ठिकाणी इंजिनापाशी एक जाणकार माणूस असे. जहाजावरील इंजिनिअर प्रत्येक पाळीत तापमान आणि दाब वहीत टिपून ठेवी. विमानाचे इंजिन ठरावीक तास चालले की उघडून तपासले जाई. टर्बो घरगुती मोटारीत आला तेव्हा यंत्र तेवढे आले. हा जाणकार माणूस आणि त्याची वही मागेच राहिली. टर्बोच्या आयुष्याविषयीची बहुतेक गाऱ्हाणी या एका उणिवेपाशी येऊन पोचतात.

‘जेटफायर’चा धडा

याचे पहिले प्रत्यंतर अमेरिकेत १९६२ सालीच आले. त्या वर्षी जनरल मोटर्स कंपनीने टर्बो बसविलेल्या दोन मोटारी बाजारात आणल्या. त्यांपैकी ‘ओल्डस्मोबिल जेटफायर’चे ॲल्युमिनिअमचे साडेतीन लिटरचे इंजिन २१५ अश्वशक्ती देत असे. दाबलेली हवा तापते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल अवेळी पेट घेते. यालाच गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘नॉक’ करणे म्हणतात. हे टाळण्यासाठी जेटफायरमध्ये पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले जाई. त्यासाठी एक वेगळी टाकी होती आणि ती वेळोवेळी भरावी लागे.

मालक ती भरावयास विसरू लागले. टाकी रिकामी झाली की इंजिनाला अपाय होऊ नये म्हणून टर्बोचा दाब आपोआप कमी करण्याची व्यवस्था होती. परिणामी गाडी मंद झाली, असे म्हणून मालक तक्रार घेऊन येत. दोन वर्षांत दहा हजारांहूनही कमी गाड्या खपल्या आणि कंपनीने ते मॉडेल बंद केले. पुढे अनेक गाड्यांवरील टर्बो कंपनीने स्वखर्चाने काढून त्या जागी साधा कार्बुरेटर बसवून दिला. यंत्र बुद्धीने रचलेले होते. सामान्य माणूस वर्षानुवर्षे न चुकता एक लहानसे काम करीत राहील, या गृहीतावर ते उभे होते, आणि ते गृहीत खोटे ठरले.

त्यानंतर युरोपची पाळी आली. १९७७ साली रेनॉ कंपनीने दीड लिटरचे टर्बो इंजिन फॉर्म्युला वन शर्यतीत उतरविले. ते वारंवार वाफा सोडीत बंद पडे. इंग्रज प्रेक्षक त्या पिवळ्या गाडीला ‘पिवळी किटली’ म्हणू लागले. १९७९ मध्ये त्याच घराण्यातील इंजिनाने फ्रान्समधील दिजाँ येथील शर्यत जिंकली आणि मग सर्वांनीच टर्बोचा मार्ग धरला. १९८० च्या दशकात केवळ पात्रता फेरीसाठी हजाराहून अधिक अश्वशक्तीची इंजिने रचली जात आणि काही फेऱ्यांतच ती निकामी होत. शर्यतीत हे चालून जाते, कारण तेथे उद्याचा विचार नसतो. कुटुंबाच्या गाडीला मात्र उद्याचाच विचार करावा लागतो. तो विचार स्वीडनच्या साब कंपनीने केला. तिने १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या टर्बो मोटारीत जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा उपयोग करून वेगापेक्षा रोजच्या वापरातील ओढीवर भर दिला.

उष्णता आणि ऑइल

टर्बोचे आयुष्य कशावर ठरते, हे समजण्यास फार खोलात जावे लागत नाही. इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असते, तेव्हा टर्बोचा बोटाएवढा दांडा जोराच्या कामात दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक मोटारींत हा दांडा ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत फिरतो. त्याच्या एका टोकाशी पेट्रोल इंजिनाचा सुमारे हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकणारा धूर असतो, तर दुसऱ्या टोकाशी बाहेरची हवा. मध्ये जे ऑइल आहे, तेच त्याला वंगण घालते आणि तेच थंडही ठेवते. ऑइल मिळाले नाही, घाण झाले किंवा जळले, तर दांडा धातूवर घासतो आणि मग वेळ लागत नाही.

मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी भर उन्हात बोरघाट चढून वर येते, लोणावळ्याला चहासाठी थांबते आणि चालक तत्क्षणी चावी फिरवून इंजिन बंद करतो. त्याबरोबर ऑइलचा प्रवाह थांबतो, परंतु टर्बोचे तापलेले लोखंड थंड झालेले नसते. त्यात अडकलेले ऑइल करपते आणि कोळशासारखा कीट धरते. असे शेकडो वेळा घडले की ऑइलची बारीक वाट बुजत जाते. म्हणूनच टर्बो मोटारींच्या सुरुवातीच्या काळात, गाडी थांबविल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवा, असे चालकांना बजावले जाई. पुढे टर्बोच्या बेअरिंगभोवती पाणी खेळविण्याची सोय झाली. आता कित्येक गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही विजेवर चालणारा लहान पंप काही वेळ हे पाणी फिरवीत राहतो. मिश्र धातू सुधारले, कृत्रिम ऑइल आले. टर्बो हे स्वतंत्र यंत्र म्हणून पाहिले, तर आज ते चाळीस वर्षांपूर्वीच्या मानाने पुष्कळ भरवशाचे झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मग भीती कशाची?

कायद्याने घडविलेले इंजिन

भीती टर्बोपेक्षा त्याच्या भोवती रचलेल्या लहान इंजिनाची आहे. हे इंजिन ग्राहकाच्या मागणीतून जन्मले, असे म्हणता येत नाही. ते मुख्यतः कायद्याने घडविले. युरोपीय संघाने नव्या मोटारींतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी मर्यादा २०१५ साठी किलोमीटरमागे १३० ग्रॅम ठरविली आणि पुढे ती २०२१ पर्यंत ९५ ग्रॅमवर आणली. प्रयोगशाळेतील जुनी चाचणी फार सौम्य चालीची होती. तिच्यात लहान टर्बो इंजिन अतिशय काटकसरी दिसे. रस्त्यावर मात्र चालकाने पाय दाबला की त्याची भूक वाढे. २०१७ पासून चाचणी अधिक कडक झाली, तेव्हा इंजिने फारच लहान केल्याची जाणीव काही कारखानदारांना झाली. फोक्सवॅगनने १.४ लिटरच्या जागी १.५ लिटरचे इंजिन आणले, ते याच काळात. जपानच्या माझदा कंपनीने आपल्या बहुतेक पेट्रोल मोटारींसाठी टर्बोचा मार्ग न धरता साध्या इंजिनातच सुधारणा केली.

आपल्याकडे याला कराची जोड मिळाली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसी, डिझेल असल्यास १५०० सीसी, एवढ्या मर्यादेतील मोटारीला ‘लहान’ ठरवून उत्पादन शुल्कात सूट देण्यात आली. हीच सीमारेषा पुढे वस्तू व सेवा करात टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांत रेषेच्या आतील गाडीवर १८ टक्के, तर बाहेरील गाडीवर ४० टक्के कर आहे. एवढी तफावत असताना मोठे आणि निवांत चालणारे इंजिन कोण बनवील? टाटा नेक्सॉन २०१७ मध्ये १२०० सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह आली. दोन वर्षांनी ह्युंदाई व्हेन्यू १००० सीसीचे टर्बो इंजिन घेऊन आली. त्यातच १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘भारत-६’ मानक लागू झाले. लहान डिझेल इंजिने स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना आणि मारुतीने डिझेल मोटारी बनविणेच थांबविले. डिझेलची ओढ हवी असणाऱ्या ग्राहकापुढे मग टर्बो पेट्रोल हा पर्याय उरला.

हे नियम चुकीचे होते असे नाही. शहरांची हवा आणि देशाचे तेलाचे बिल यांचा विचार कोणीतरी केलाच पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युरोपच्या ‘युरो-६’ नियमांत धूर स्वच्छ करणारी उपकरणे १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत टिकली पाहिजेत, अशी अट आहे, आणि आपले मानक त्याच धर्तीवर बेतलेले आहे. म्हणजे धुराड्यातील उपकरण किती टिकावे, हे सरकार ठरविते. त्या धुराड्यामागचे इंजिन किती टिकावे, याविषयी मात्र कोणताही नियम बोलत नाही.

दोष कोणाचा?

लहान टर्बो इंजिनांनी गेल्या पंधरा वर्षांत ज्या अडचणी दाखविल्या, त्यांची यादी उद्बोधक आहे, कारण तीत टर्बोचे नाव फार वर येत नाही. सिलिंडरात थेट फवारलेले पेट्रोल झडपांवरून वाहत नाही, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर काजळी साचते. पूर्वी पेट्रोलच त्या धुऊन काढीत असे. कमी वेगात जोर लावला असता ठिणगीच्या आधीच इंधन भडकण्याचा नवा विकार दिसला. त्याचा एक फटकाही पिस्टन फोडू शकतो. इंजिन ऑइलातील कॅल्शियमयुक्त द्रव्यांचा त्याच्याशी संबंध असल्याचे संशोधनातून आढळले आणि २०१८ व २०२० मध्ये ऑइलची मानके त्यासाठी बदलावी लागली. ऑइलची योग्य जात निवडणे, ही बाब पिस्टनच्या जिवाशी निगडित झाली आहे, असा याचा अर्थ.

थंडीत आणि जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. न जळालेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळते. २०१८ मध्ये चीनमध्ये अशाच तक्रारींवरून होंडा कंपनीला दीड लिटर टर्बो इंजिनाच्या एका मोटारीची विक्री काही काळ थांबवून दुरुस्तीची मोहीम काढावी लागली. फोर्डच्या एक लिटर टर्बो इंजिनाला २०१२ पासून सलग तीन वर्षे जगातील सर्वोत्तम इंजिनाचा मान मिळाला. त्याच घराण्यातील इंजिने बसविलेल्या सुमारे १ लाख ३९ हजार मोटारी डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेत परत बोलाविल्या. कारण काय, तर ऑइलचा पंप फिरविणारा, ऑइलमध्येच बुडालेला पट्टा झिजून किंवा त्याचा ताण-दांडा मोडून ऑइलचा दाबच नाहीसा होण्याचा धोका. स्टेलांटिस समूहाच्या १.२ लिटर इंजिनातही ऑइलमध्ये चालणाऱ्या पट्ट्याचा भुगा होऊन ऑइलची जाळी तुंबू लागली. अखेर २०२४ मध्ये कंपनीने युरोपात या दोषासाठी हमी दहा वर्षे किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत वाढविली.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. घर्षण थोडे कमी व्हावे, आवाज थोडा घटावा, ग्रॅमभर कार्बन डायऑक्साइड वाचावा, म्हणून प्रत्येक भाग त्याच्या मर्यादेच्या जवळ नेला गेला. ऑइल पातळ झाले, त्याचे प्रमाण चार लिटरांच्या आसपास आले, आणि ते बदलण्याचा काळ मात्र लांबला. युरोपात काही गाड्यांसाठी दोन वर्षे किंवा ३० हजार किलोमीटरपर्यंत एकच ऑइल चालेल, असे सांगितले गेले. देखभालीचा खर्च कागदावर कमी दिसला. पहिला मालक तीन-चार वर्षांत गाडी विकून मोकळा झाला. काजळी, कीट आणि झीज पुढच्याच्या वाट्याला आली.

डिझेलची साक्ष

टर्बो म्हणजे अल्पायुषी, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील तर तो चुकेल. त्याविरुद्धची साक्ष रस्त्यावर रोज दिसते. लांब पल्ल्याची मालमोटार टर्बोवरच चालते आणि लाखो किलोमीटर चालते. फियाटने घडविलेले १३०० सीसीचे लहान टर्बो डिझेल इंजिन भारतात अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले. पुण्याजवळ रांजणगावातही ते तयार होत असे. ते इंजिन घेऊन दोन-तीन लाख किलोमीटर धावलेल्या टॅक्सी ही नवलाची बाब राहिलेली नाही.

ही इंजिने टिकतात याची कारणे उघड आहेत. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा कमी तापलेला असतो. मालमोटारीचे इंजिन सावकाश फिरते, त्याचे भाग जाड असतात, आणि त्यात वीस लिटर व त्याहूनही अधिक ऑइल असते. टॅक्सी दिवसभर तापलेली राहते. घटकाभर चालून थंड पडण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच येतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून टॅक्सीवाला आणि मालवाहतूकदार ऑइल बदलण्यात हयगय करीत नाहीत. याउलट नोकरदाराची गाडी आठवडाभर दारात उभी असते, रोज दोन किलोमीटरवरील शाळेपर्यंत जाऊन येते आणि वर्षाकाठी जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते. दहा हजार किलोमीटर कोठे झाले आहेत, असे म्हणून तिचे सर्व्हिसिंग पुढे ढकलले जाते. कमी चाललेली गाडी चांगली, हा जुना समज टर्बो पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत पुरता खरा नाही. तिच्यासाठी किलोमीटरइतकाच महिन्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

जुन्या गाड्यांच्या आठवणीने हळहळणाऱ्यांनीही एक गोष्ट विसरू नये. पद्मिनीचे इंजिन अमर नव्हते. काही वर्षांनी ते धूर मारू लागे आणि मग इंजिन उघडून बोअर करणे, रिंग-पिस्टन बदलणे ओघानेच येई. पण हे काम कोपऱ्यावरचा मिस्त्री चार दिवसांत करून देई, आणि त्याचा खर्च पगारदार माणसाच्या आवाक्यात असे. ते इंजिन हेळसांड सहन करी आणि दुरुस्तीही सहज पत्करी. मुंबईच्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ साली कायमची गेली, तेव्हा तिच्याबरोबर ही क्षमाशीलताही गेली. नव्या इंजिनाला नियमाने वागविले तर ते जुन्याहून अधिक काळ, कमी इंधनात आणि कमी धुरात चालू शकते. मात्र चुकीला त्याच्याकडे क्षमा नाही, आणि बिघाड झाला तर संगणक, विशिष्ट हत्यारे व महाग सुटे भाग यांवाचून पान हलत नाही.

दुसऱ्या मालकाचे हित

येथेच हा प्रश्न यंत्रशास्त्रातून बाहेर पडून सामाजिक होतो. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. एवढ्या काळात ती दोन-तीन हातांतून जाते. पहिला मालक बहुधा सुस्थितीतला असतो. दुसरा, तिसरा मालक म्हणजे लहान गावातील शिक्षक, दुकानदार, बेताच्या पगाराचा कर्मचारी. पहिल्याने ऑइल कोणते घातले, ते किती वेळा बदलले, पट्टा कधी तपासला, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. गाडी धुऊनपुसून चकचकीत केलेली असते. इंजिनाच्या आतला कीट दिसत नाही.

कायदा त्याला फारशी मदत करीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलाविण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु ज्या दोषाने पर्यावरणाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना इजा पोचेल, तेवढ्यापुरतीच ती आहे. अवेळी झिजणारे इंजिन त्यात बसत नाही. सुट्या भागांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना २५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना उपलब्ध करून न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माहितीचे एक संकेतस्थळही सुरू केले. दिशा योग्य आहे, पण पावले तोकडी आहेत.

वास्तविक फार मोठी मागणी करावयाची नाही. इंजिन पंधरा वर्षे चाललेच पाहिजे, असा हुकूम सरकार काढू शकत नाही. पण किती काळासाठी आणि किती किलोमीटरसाठी इंजिनाची रचना केली आहे, हे कंपनीने विक्रीच्या वेळी लेखी सांगावे, असा नियम होऊ शकतो. दाट वाहतूक, जवळच्या फेऱ्या आणि उष्ण, धुळीचे हवामान या आपल्याकडील नित्याच्या परिस्थितीत ऑइल केव्हा बदलावे, हे पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत न छापता ठळकपणे सांगता येईल. ऑइलमध्ये चालणारा पट्टा असेल तर तो कधी बदलावा आणि त्यास खर्च किती, हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. सर्व्हिसिंगची नोंद गाडीच्या नोंदणीशी जोडली, तर जहाजावरील त्या वहीसारखी ती वही दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाच्याही हाती पडेल. आणि ज्या दोषासाठी एखादी कंपनी युरोपातील ग्राहकाला दहा वर्षांची हमी देते, तोच दोष तिच्या येथील इंजिनात आढळल्यास येथील ग्राहकाला ती नाकारण्याचे कारण राहू नये.

मालकाकडेही काही कर्तव्ये येतात. कंपनीने सांगितलेल्या जातीचेच ऑइल घालणे, वर्षातून एकदा तरी ते बदलणे, त्याची पातळी कमी झाली किंवा उलट वाढली तरी सावध होणे, थंड इंजिनावर एकदम जोर न लावणे आणि घाट चढून आल्यावर मिनिटभर धीर धरणे, यांत न जमण्यासारखे काही नाही. एका हप्त्याच्या रकमेपेक्षा हा खर्च पुष्कळदा कमी भरतो. जुनी गाडी घेणाऱ्याने रंग आणि किलोमीटर पाहण्याआधी सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर किंमत त्या हिशेबाने मागावी.

१९६२ साली जेटफायरच्या मालकाला निदान आपल्या गाडीत एक जादा टाकी आहे आणि ती भरावी लागते, एवढे ठाऊक होते. आजच्या ग्राहकाला तेवढेही स्पष्ट सांगितले जात नाही. त्याच्या गाडीतील ती टाकी म्हणजे ऑइलचे चार लिटर आहेत. सात वर्षांचे कर्ज डोक्यावर घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट गाडी घेतानाच कळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.